अंगठ्याखाली ट्रॅकबॉल असलेला कीबोर्ड : मराठी लेखनासाठी काही महिन्यांचा वापर

दोन भागांत विभागलेला आणि उजव्या अंगठ्याखाली ३४ मिमीचा ट्रॅकबॉल (माऊसऐवजी कर्सर हलवणारा, जागच्या जागी फिरणारा चेंडू) असलेला कीबोर्ड मी माझ्या हाताच्या मापाने घडवून घेतला, आणि गेले काही महिने भाषांतराचे व मुद्रितशोधनाचे सगळे काम त्यावरच करतो आहे. आराखड्याचा पाया डॅक्टिल मॅन्युफॉर्म हा खुला नमुना आहे. त्यात कळांच्या उभ्या स्तंभांची संख्या, बोटांच्या लांबीप्रमाणे द्यायचा चढउतार आणि वक्रता हे सारे आकडे बदलून ठरवता येते.

अशा कीबोर्डांपैकी अनेकांत प्रत्येक हाताला पाचच स्तंभ असतात. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीत मात्र ‘ड’ आणि ‘ट’ उजव्या टोकाच्या सहाव्या स्तंभात येतात, म्हणून मराठी लिहिणाऱ्याने तो सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आकड्यांची ओळही हवीच, कारण ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘क्ष’, ‘श्र’ ही जोडाक्षरे शिफ्टसह तिथेच मिळतात.

चेंडूने उजव्या अंगठ्याची जागा घेतल्यामुळे स्पेस आणि शिफ्ट या दोन्ही कळा डाव्या अंगठ्याकडे गेल्या, आणि खरा लाभ इथे झाला. ‘ख’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’ ही अक्षरे इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’, ‘त’, ‘द’, ‘ब’ यांच्याच कळांवर शिफ्टसह येतात. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्याने शिफ्ट डाव्या हाताने धरावी लागते, आणि साध्या कीबोर्डवर तो सगळा भार करंगळीवर पडतो. माझ्या करंगळीच्या मुळाशी संध्याकाळपर्यंत सुरू होणारी ठसठस आता जाणवत नाही.

क्लिकच्या बाबतीत अधिक विचार करावा लागला. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रणालीत, चेंडू हलताच काही कळा आपोआप माऊसची बटणे होतात, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ही अवस्था चेंडू थांबल्यावर ६५० मिलिसेकंद टिकते. क्लिकसाठी सर्वांत सोयीच्या कळा तर्जनी आणि मधल्या बोटाखालच्या; पण इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ‘र’ आणि ‘क’ आहेत. ‘करणे’ लिहायला घेताना अंगठा चेंडूला निसटता लागला, तरी अक्षरांऐवजी क्लिक पडतात आणि कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसतो. म्हणून ती सोय बंद ठेवून मी डाव्या अंगठ्याची एक वेगळी कळ दाबून धरल्यावरच डाव्या हाताची मधली ओळ क्लिकसाठी वापरतो. इंग्रजीतच लिहिणाऱ्याला याची गरज कदाचित भासणार नाही.

अचूकतेबद्दल तक्रार नाही. मुद्रितातला एखादा अनुस्वार निवडायलाही हात कळांवरून उचलावा लागत नाही. चित्रे रेखण्यासाठी मात्र मी अजूनही माऊसच घेतो. निगा नियमित लागते. चेंडू ज्या तीन बारीक सिरॅमिक मण्यांवर टेकतो, त्यांच्याभोवती धूळ आणि हाताचा तेलकटपणा मिळून करडा थर जमतो; मग हळू फिरवताना चेंडू प्रथम अडतो आणि जोर लावताच कर्सर उडी मारतो. चेंडू काढून मणी सुती कापडाने पुसले की काम पूर्ववत होते.

पुढच्या आवृत्तीत चेंडूची खोबण थोडी खाली घेणार आहे. सध्या तो इतका वर येतो की सलग लिहिताना अंगठा किंचित उचलून धरावा लागतो, आणि लांब मजकुरात त्याचा ताण मनगटाच्या आतल्या बाजूला जाणवतो.