चौकात कॅमेऱ्याचा सिग्नल घ्यावा की वेळापत्रकाचा?

नगरपालिकेच्या टेबलावर हल्ली दोन प्रस्ताव शेजारी शेजारी पडलेले असतात. एक अ‍ॅडाप्टिव्ह सिग्नलचा: डिटेक्टर वाहनं मोजणार आणि हिरव्याची वेळ त्यानुसार बदलत राहणार. सिडनीची स्कॅट्स, ब्रिटनची स्कूट, आपल्या सी-डॅकची कोसिकॉस्ट या त्यातल्या जुन्या, मुरलेल्या प्रणाली. दुसरा साध्या टायमरचा, पण दिवसाच्या वेळेप्रमाणे चार-पाच प्लॅन भरलेला. तिसरा पर्याय गोल चौकाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या शिफारशीत त्याची मर्यादा सगळ्या बाजू मिळून ताशी ३,००० वाहनांची आहे, आणि आपल्याकडे गोलाचा व्यास वाहतूक नव्हे, मधला पुतळा ठरवतो. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते मिळतात म्हणून हायवेच्या चौकातही गोल चालेल, असं कुणी म्हणालं तर चहा पाजून परत पाठवावं.

अ‍ॅडाप्टिव्ह कुठे खरंच उजवा ठरतो? जिथे गर्दीला घड्याळ नाही तिथे. रेल्वे फाटक उघडल्यावर एकाच बाजूने येणारा लोंढा, मोंढ्यात सोयाबीनच्या हंगामात अवेळी येणाऱ्या ट्रॉल्या, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या सोहळ्यांचे दिवस. टायमरला हे आधी कळत नाही. लातूरच्या क्लासेसची सुटी मात्र घड्याळावर होते; तिथे २० मिनिटांचा वेगळा प्लॅन टाकला की काम भागतं.

पण सगळेच रस्ते भरलेले असतील तर वाटायला हिरवा उरतच नाही. सिग्नलची फेरी किती लांब हवी हे सांगणारं वेबस्टरचं सूत्र (१९५८) घ्या. चार फेज, म्हणजे हिरव्याच्या चार पाळ्या, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे एकूण १६. चौकाचा भार, म्हणजे प्रत्येक पाळीतल्या वाहनांचं रस्त्याच्या क्षमतेशी प्रमाण काढून केलेली बेरीज, ०.७ असेल तर सिग्नलची एक फेरी ९७ सेकंदांची येते. भार ०.८५ झाला की तीच १९३ सेकंदांवर जाते, आणि तेवढं थांबायला दुचाकीवाला तयार नसतो. तिथे एक उजवं वळण बंद करून फेज कमी करणं, किंवा कडा मोकळी करणं, हेच औषध. १०.५ मीटरच्या रस्त्यावर रिक्षा आणि हातगाड्यांनी ३ मीटर खाल्ले, तर हिरव्याची क्षमता ताशी साधारण ५,५०० कारएककांवरून (प्रत्येक वाहन कारच्या हिशेबात मोजून) ३,९०० वर येते. ही तूट कुठलाच कॅमेरा भरून देत नाही. थांबारेषेपासून निदान ५० मीटर मोकळे ठेवणं दोन्ही पर्यायांत सक्तीचंच आहे.

आता ज्या कटकटीवर आमच्या लेखी निकाल लागतो, ती. डिटेक्टर गुपचूप मरतात. डांबरात खाच पाडून पुरलेली लूपची, म्हणजे वरून जाणारी गाडी ओळखणाऱ्या वेटोळ्याची, तार पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदला की तुटते. न खोदता नुसता वरचा थर खरवडून नवं डांबर टाकलं तरी जाते. मुळात लूपला दुचाकी नीट कळत नाही, आणि आपल्या चौकात दुचाकीच जास्त. कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं: भिंगावर धूळ, पावसात थेंब, आणि थांबारेषेवर खेटून उभ्या दहा दुचाक्यांचा एकच ठिपका. संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळी एका तोंडाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या तोंडाच्या कॅमेऱ्यात सूर्य थेट उतरतो, नेमका गर्दीच्याच वेळी.

डिटेक्टर गेला की यंत्रणा बंद पडत नाही, हीच खरी अडचण. कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारी चौकातली पेटी, निमूटपणे राखीव टायमर प्लॅनवर जातो. दिवे लागतात, हिरवा येतो, कुणाची तक्रार नाही. तो राखीव प्लॅन बहुधा उद्घाटनाच्या दिवशी भरलेला असतो आणि नंतर त्याला कुणी हात लावलेला नसतो. म्हणजे पैसे अ‍ॅडाप्टिव्हचे आणि चौक चालतो शिळ्या टायमरवर. शिवाय वेळ जागेवर बदलत असल्याने आकड्यांचा काउंटडाउन एकतर बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो मध्येच उड्या मारतो. लोक त्या आकड्यावर इंजिन बंद-चालू करतात, हे विसरून चालत नाही.

टायमर नीट लावायचा तर मोजणी हवी: दोन साधे दिवस आणि एक बाजाराचा दिवस, सकाळी ८ ते रात्री ८, दर १५ मिनिटांनी, प्रत्येक वळणाची वेगळी. पिवळा ३ सेकंद, सगळीकडे लाल २. पायी चालणाऱ्याला १.२ मीटर प्रतिसेकंद धरा. १२ मीटरचा रस्ता ओलांडायला १० सेकंद लागतात आणि त्याखाली उतरू नये. लागोपाठचे चौक जोडायचे तर फेरी एकसारखी ठेवून दोन चौकांचा हिरवा सुरू होण्यात ४०० मीटरला ताशी ३० किलोमीटरने ४८ सेकंदांचा फरक द्यावा.

टायमरही निर्दोष नाही. लाईट गेली आणि कंट्रोलरमधला घड्याळाचा सेल उतरलेला असला, तर तो सकाळचा प्लॅन दुपारी चालवतो आणि जोडलेले चौक एकमेकांपासून तुटतात. म्हणून जीपीएसवर जुळणारं घड्याळ आणि बॅटरी या दोन गोष्टींत काटकसर करू नये. मोजणीही वर्षातून एकदा पुन्हा करावी लागते. तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. पण टायमर बिघडला तर चौकातल्या टपरीवाल्यालाही दिसतो आणि वाहतूक शाखेत फोन जातो.

डिटेक्टर बघायला कायमचा माणूस आणि देखभालीचा पक्का करार असेल, तर मोठ्या महापालिकेने दोन-चार अवघड चौकांत अ‍ॅडाप्टिव्ह जरूर घ्यावा. परभणी, बीड, धाराशिवसारख्या शहराने मात्र आधी टायमरचे प्लॅन बसवावेत असं वाटतं. निविदेत एवढंच घालावं की कंट्रोलरला पुढे डिटेक्टर जोडता आला पाहिजे, आणि रस्ता उघडा आहे तोवर प्रत्येक बाजूखालून पुढच्या तारांसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवावा.