ट्विन की स्टॉर्म : मॉडर्नमधला पहिला कॉम्बो डेक निवडताना

मॅजिक : द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात काही वर्षे साधे हल्लेखोर डेक (म्हणजे पत्त्यांचे संच) खेळून झाले की समोरच्याची वीस लाइफ दोन-दोन, तीन-तीनने खरवडत बसण्याऐवजी ती एकाच पाळीत संपवावीत, अशी इच्छा बहुतेकांना कधी ना कधी होतेच. मॅजिकच्या मॉडर्न या प्रकारात ही इच्छा पूर्ण करणारे कॉम्बो डेक, म्हणजे ठरावीक कार्डे जुळवून डाव एकदम संपवणारे, पुष्कळ आहेत, परंतु कोथरूडला एका मित्राच्या घरी दर रविवारी जमणाऱ्या आमच्या मंडळींत प्रश्न नेहमी दोनच डेकांवर येऊन थांबतो : निळा-लाल स्प्लिंटर ट्विन बांधावा की रुबी मेडॅलियन या कार्डावर उभा असलेला लाल स्टॉर्म. मी आधी स्टॉर्म बांधला, नंतर ट्विन, आणि आज माझ्या पिशवीत त्यांपैकी एकच असतो. तो कोणता, हे पुढे वाचताना लक्षात येईलच.

ट्विनचे काम चटकन सांगता येते. समोरच्याच्या पाळीच्या शेवटी तीन मानांत (माना म्हणजे लँड नावाच्या कार्डांतून मिळणारी, बाकीची कार्डे खेळायला लागणारी शक्ती) डिसीव्हर एक्झार्क हा प्राणी उतरवायचा, आपल्या पाळीत चार मानांत त्याच्यावर स्प्लिंटर ट्विन चढवायचे, आणि मग तो टॅप (म्हणजे आडवा) होऊन आपली प्रत काढतो, ती प्रत येताच मूळ एक्झार्कला पुन्हा उभे करते, आणि हे चक्र हवे तितके फिरते. मॅजिकच्या नियमांत अनंत हा आकडा नाही. अशा चक्रासाठी एक ठरावीक आकडा सांगायचा असतो. ‘दहा लाख’ म्हणायचे आणि हल्ला करायचा. 2011 साली फिलाडेल्फियाला झालेली मॉडर्नची पहिली प्रो टूर ही मोठी स्पर्धा याच डेकने जिंकली, 2016च्या जानेवारीत स्प्लिंटर ट्विनवर बंदी आली आणि 2024च्या डिसेंबरमध्ये ती उठली. आठ-नऊ वर्षे ज्याच्या नावाने लोक उसासे टाकत होते, तो परत आल्यावर काही आभाळ कोसळले नाही, हे मात्र आधीच सांगितलेले बरे.

स्टॉर्मचा हिशेब वेगळा आहे. ग्रेपशॉट स्वतः एक डॅमेज करते (म्हणजे एक लाइफ कमी करते) आणि त्या पाळीत तिच्याआधी जितके स्पेल (लँड सोडून खेळलेली कार्डे) पडले असतील तितक्या तिच्या प्रती निघतात. म्हणजे वीस लाइफसाठी आधी एकोणीस स्पेल हवेत. समोरच्याने स्वतःच्याच लँडपायी दोन-तीन लाइफ गमावलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सोळा-सतरांत भागते. डेस्परेट रिच्युअल किंवा पायरेटिक रिच्युअल दोन माना खाऊन तीन देते, म्हणजे नफा एकाचा; लाल स्पेल एका मानेने स्वस्त करणारी मेडॅलियन टेबलावर असेल तर तीच एक खाऊन तीन देते आणि नफा दोनांवर जातो. मॅनामॉर्फोज एरवी जितके घेते तितकेच परत करून एक कार्ड देते, मेडॅलियनसह तिच्यातही एक माना सुटते. रेकलेस इम्पल्स आणखी दोन कार्डे दाखवते, आणि मग पास्ट इन फ्लेम्स येऊन ग्रेव्हयार्डमधल्या, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातल्या, सगळ्या स्पेलना दुसरा जन्म देते. हे गणित पहिल्यांदा हातात जुळून येते तेव्हा जो आनंद होतो, त्याची बरोबरी ट्विनमधला कोणताही विजय करू शकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

निव्वळ ताकदीविषयी बोलायचे तर माझ्या अनुभवात स्टॉर्मच थोडा पुढे आहे, निदान आमच्या टेबलावर तरी. ट्विनच्या बाबतीत जुन्या लोकांच्या मनात एक गृहीतक पक्के बसलेले असते की एक्झार्कला चार टफनेस (सोसण्याची ताकद) असल्यामुळे तीन डॅमेजच्या लाइटनिंग बोल्टने तो मरत नाही (तेच काम करणारा दुसरा प्राणी, पेस्टरमाइट, मात्र मरतो), आणि समोरच्याची सगळी लँड टॅप झालेली असली की रस्ता मोकळा. बंदी येण्यापूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. आता पांढऱ्या डेकवाला एकही लँड उभी नसताना हातातले दुसरे पांढरे कार्ड एक्झाइल करून (खेळाबाहेर बाजूला ठेवून) सॉलिट्यूड उतरवतो, तिच्यामुळे ट्विन चढण्याआधीच एक्झार्क जातो, आणि आपली दोन कार्डे एकाच झटक्यात वाया जातात. शिवाय एक्झार्क हाती न लागता नुसते स्प्लिंटर ट्विन येऊन बसले की त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि माझ्या हातात ते असे बरेचदा बसते. स्टॉर्मलाही ग्रेव्हयार्डवर घाला घालणाऱ्या सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन आणि रेस्ट इन पीस यांची भीती आहेच, परंतु ती बहुधा साइडबोर्डमधून (डावांच्या मध्ये बदलता येणाऱ्या राखीव कार्डांतून), दुसऱ्या डावापासून येते.

तरीही मी स्टॉर्म सोडला, आणि त्याचे कारण ताकद नव्हते.

ट्विनचे चक्र हे चक्र आहे, म्हणून नियम त्याला आकडा सांगून संपवण्याची मुभा देतात. स्टॉर्ममध्ये पुढचे कार्ड काय येईल हे ठाऊक नसते, त्यामुळे प्रत्येक स्पेल प्रत्यक्ष खेळावाच लागतो. त्यातच मेडॅलियनच्या जोडीला राल, मान्सून मेज हा प्राणी असतो, तो स्पेल स्वस्त करतो खरा, पण आपल्या पाळीत पडणाऱ्या इन्स्टंट-सॉर्सरी प्रकारच्या प्रत्येक स्पेलला नाणे उडवायला लावतो. छाप-काटा हरलो तर स्वतःला एक डॅमेज, जिंकलो तर रालचे कार्ड दुसऱ्या बाजूवर उलटवायचे की नाही याचा विचार. दहा स्पेल म्हणजे दहा वेळा नाणे. आमचे दोन रुपयांचे नाणे किती वेळा दिवाणाखाली घरंगळत गेले आणि त्यापायी किती वेळा मला गुडघ्यांवर बसावे लागले, याची गणती नाही.

2024च्या गणपतीआधीचा एक रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. खाली मैदानात ढोल पथकाचा सराव चालला होता आणि मी मोठ्याने ‘अकरा, बारा’ असे मोजत एकेक स्पेल टाकत होतो, जेणेकरून समोरच्यालाही आकडा कळत राहावा. तेराच्या पुढे कुठेतरी ढोलांचा गजर इतका वाढला की आम्ही दोघेही थांबलो, आणि पुन्हा सुरू केले तेव्हा माझ्या मते आकडा सोळा होता, त्याच्या मते पंधरा. आता कोणाला वाटेल की ग्रेव्हयार्ड मोजले की प्रश्न सुटेल. सुटत नाही. पास्ट इन फ्लेम्सनंतर फ्लॅशबॅकने, म्हणजे ग्रेव्हयार्डमधून, खेळलेली कार्डे एक्झाइलमध्ये गेलेली असतात, त्यांतले त्याच पाळीत आधीही खेळलेले प्रत्येक कार्ड दोनदा मोजायचे असते, परंतु इम्पल्सने एक्झाइल झालेली आणि अजून न खेळलेली कार्डेही तिथेच शेजारी पडलेली असतात, आणि ती अजिबात मोजायची नसतात. आम्ही दोन ढिगाऱ्यांसमोर बसून तो हिशेब लावत असताना मित्राच्या आई चहा घेऊन आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, “अरे, तू खेळतोयस की नुसता बघतोयस?” त्याने माझ्याकडे पाहिले. आकडा पंधराच निघाला, ग्रेपशॉट एकाने कमी पडली, आणि पुढच्या पाळीत त्याने निमूटपणे दोन प्राणी पुढे ढकलून डाव संपवला.

हरल्याचे दुःख मला नव्हते. पत्ते खेळायला बसलेला माणूस पंधरा मिनिटे प्रेक्षक होतो, हे मला खटकले. मेंढीकोटात पिसणाऱ्याने वेळ काढला तरी चौघे ओरडतात. इथे तर समोरच्याला ओरडण्याचाही अधिकार नव्हता, कारण मी नियमाप्रमाणेच खेळत होतो. स्पर्धेतल्या फेरीला साधारण पन्नास मिनिटे मिळतात आणि त्यात तीन डाव बसवायचे असतात, तेव्हा हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा उरत नाही. सरावाने वेग येतो असे म्हणतात. माझा काही मिनिटांनी वाढला, नाण्याचा अजिबात वाढला नाही.

ट्विनमध्ये समोरचा माणूस शेवटपर्यंत खेळात असतो. चौथ्या पाळीपासून तो दोन माना राखून ठेवतो, मनासारखा हल्ला करत नाही, आणि मी एक्झार्क हातात नसतानासुद्धा तीन लँड उभ्या ठेवून त्याला घाबरवू शकतो. कित्येक डाव मी कॉम्बो न लावताच, स्नॅपकास्टर मेज हा प्राणी आणि बोल्ट यांच्या जोरावर जिंकलेले आहेत. जेव्हा कॉम्बो लागतो तेव्हा तो अर्ध्या मिनिटात लागतो, आणि अडला तर तेही अर्ध्या मिनिटात कळते.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर सुरुवातीला स्टॉर्म हलका पडावा, कारण तो बहुतांशी एकरंगी आहे आणि त्याला ट्विनइतकी दुरंगी लँड लागत नाहीत. परंतु ट्विनची लँड, बोल्ट आणि समोरच्याचे स्पेल अडवणारे काउंटर स्पेल उद्या दुसऱ्या कोणत्याही निळ्या-लाल डेकमध्ये जातात, तर रिच्युअलना स्टॉर्मबाहेर फारसे कोणी विचारत नाही. सुटी कार्डे परदेशातून मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क जमेस धरावेच लागते. बंदीची तलवार दोघांवरही आहे : ट्विनची कथा वर आलीच, आणि स्टॉर्मवाल्यांनी 2013 साली सीथिंग साँग व 2017 साली गिटॅक्सियन प्रोब ही कार्डे बंदीपायी गमावलेली आहेत. म्हणून पैसे घालण्याआधी दोन्ही डेकांच्या कागदी प्रती अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानातून काढाव्यात, साध्या लँडवर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवाव्यात आणि महिनाभर घरच्या टेबलावर खेळून पाहावे. अधिकृत स्पर्धेत त्या चालत नाहीत, पण आपल्याला काय सोसते हे कळायला पुरेशा आहेत.

आपण प्रामुख्याने ऑनलाइन खेळत असाल, तर माझी तक्रार बरीचशी गैरलागू ठरते, कारण तिथे आकडा यंत्र मोजते आणि नाणेही तेच उडवते. अशा वाचकाने स्टॉर्म जरूर घ्यावा, किंबहुना त्यालाच तो अधिक रुचेल. ज्याला एकट्याने, पंख्याखाली बसून, हातात सात कार्डे घेऊन तासन् तास सराव करण्यात गोडी वाटते त्यालाही माझे म्हणणे पटणार नाही. पण आठवड्यातून एकदा चार ओळखीच्या माणसांबरोबर बसायचे असेल आणि पुढच्या रविवारीही बोलावणे यावे अशी इच्छा असेल, तर मी ट्विनकडेच बोट दाखवीन. माझे रिच्युअल मी गेल्या दिवाळीत एका कॉलेजच्या मुलाला देऊन टाकले. दोन ग्रेपशॉट मात्र अजून डब्यात आहेत.