एटीव्हीचे पुढचे शॉकअप : मूळ लांबीचेच ठेवावेत की लांब बसवावेत?

मुळशी, पानशेत किंवा भोरच्या बाजूला शेतघर असलेल्या अनेक पुणेकरांना आपली एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची चारचाकी) भातखाचरांच्या बांधांवर आणि पावसाने उघड्या पडलेल्या कातळावर खालून घासते, ही तक्रार असते, आणि त्यावर पहिला उपाय म्हणून पुढे लांब शॉकअप टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. पर्याय मात्र तीन आहेत : मूळ लांबीचेच पण चांगल्या प्रतीचे शॉकअप, नुसते लांब शॉकअप, किंवा लांब ए-आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे, वरखाली हलणारे A आकाराचे आर्म) आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप असा पूर्ण संच.

खरेदी करताना बहुतेक जण दोन टोकांच्या भोकांमधले उघडे अंतर तेवढे पाहतात. त्याहून महत्त्वाची आहे ती शॉकअप पूर्ण दबल्यावर उरणारी लांबी, कारण उघड्या लांबीतून ती वजा केली की दांड्याची खरी चाल, म्हणजे तो किती आत-बाहेर सरकतो ते, कळते. चाल तेवढीच असलेला, पण मूळपेक्षा 25 मि.मी.ने लांब शॉकअप बसवला, तर चाकाला नवीन हालचाल काहीच मिळत नाही. आहे तीच हालचाल खाली सरकते. शॉकअप ए-आर्मवर चाकाच्या आत जोडलेला असल्यामुळे चाक 10 मि.मी. वर जाताना तो साधारण 6 मि.मी. दबतो असे धरले, तर 25 मि.मी. वाढीव लांबीमुळे पुढचा भाग सुमारे 40 मि.मी. उचलला जातो. मात्र ही उंची सांगाड्याच्या पुढच्या टोकाला मिळते. मागचे शॉकअप तसेच असतील, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, म्हणजे गाडी जिथे बांधावर टेकते नेमके तिथे, वाढ निम्मीच, सुमारे 20 मि.मी. राहते.

तेवढ्यासाठी मोजावी लागणारी किंमत बरीच आहे. ए-आर्म अधिक तिरके झाल्यामुळे बॉल जॉइंट (ए-आर्म आणि चाक यांना जोडणारा, सगळीकडे वळणारा सांधा) आपल्या हालचालीच्या टोकाशी जातो, आणि चाक हवेत लटकले की त्याला थांबवण्याचे शॉकअपचे काम बॉल जॉइंटच्या पिनवर येऊन पडते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या ॲक्सलचे जॉइंट वाढलेल्या कोनात फिरतात. जॉइंटवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, आधी चिरतो, ग्रीस बाहेर येते, आणि मावळातला चिखल एकदा आत शिरला की जॉइंट वाजायला वेळ लागत नाही. टाय रॉड (हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि ए-आर्म यांचे कोन एकमेकांशी जुळेनासे झाल्यास खड्ड्यात हँडल आपोआप वळते. गुरुत्वमध्यही वर जातो, आणि उतारावर आडवी चालवताना एटीव्ही मुळातच उलटण्याच्या बेतात असते, हे विसरून चालणार नाही.

लहान मुलांच्या स्वस्त एटीव्हींना तर लांब शॉकअप बसवूच नयेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना वरचा आर्म नसतो, त्यामुळे खालचा आर्म जितका झुकेल तितकेच चाकही तिरके होते. आर्मच्या बिजागरीपासून चाकापर्यंतचे अंतर 350 मि.मी. असेल, तर 40 मि.मी. उचल दिल्यावर चाक साधारण साडेसहा अंशांनी कलते आणि टायर एकाच कडेवर झिजू लागतो.

लांब ए-आर्मसह येणारा पूर्ण संच यातल्या बऱ्याच अडचणी सोडवतो : डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढल्यामुळे उंचीने घटलेले स्थैर्य काही प्रमाणात भरून निघते आणि वाढीव चाल खऱ्या अर्थाने वापरता येते. पण लांब टाय रॉड, ब्रेकचा लांब होज (नळी) आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असल्यास लांब ॲक्सल हेही त्याच यादीत येतात. उड्या मारत वेगाने चालवणाऱ्यालाच हा खर्च परवडतो, असे माझे मत आहे. शेतावरच्या अरुंद वाटेला रुंद गाडी उलट अडचणीचीच ठरते.

बाकीच्यांनी मूळ लांबीचे, वजनाला साजेशी स्प्रिंग असलेले आणि शक्यतो उघडून दुरुस्त करता येणारे शॉकअप घ्यावेत, आणि घासण्याच्या तक्रारीसाठी खाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावावा. अनेकदा गाडी खाली बसते ती थकलेल्या स्प्रिंगमुळेच. चालक बसल्यावर एकूण चालीच्या सुमारे तिसऱ्या भागाइतके दबणे योग्य असते. ते निम्म्यावर गेले असेल तर दोष लांबीचा नाही. प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याची सोय) आवळून तात्पुरती उंची मिळते, पण अति आवळल्यास चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही आणि शॉकअप उघडताना खट् असा आवाज येतो.

तरीही लांबच घ्यायचे ठरले, तर बसवणाऱ्याला आधी स्प्रिंग काढून नुसते शॉकअप लावायला सांगावे, आणि जॅकवर चाक अगदी खालपासून वरपर्यंत हलवत, प्रत्येक टप्प्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. बॉल जॉइंट कुठे अडतो का, होज ताणला जातो का, टायर फेंडरला लागतो का, हे तिथेच कळते. बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्या टेम्पोत घालूनच न्याव्या लागतात, म्हणून ही तपासणी गॅरेजमध्येच पुरी करून घ्यावी. आणि लेथवर बनवलेला तुकडा वेल्ड करून जुनाच शॉकअप लांब करून देतो, असे कोणी सांगितले, तर ते काम मुळीच करून घेऊ नये. तिथला जोड तुटला की चाकाचा आधारच जातो.