झुलीची नक्षी: हाताने ओढायची की स्क्रिप्टने काढायची?

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याकडे गर्दी होते ती त्याआधीच्या चार दिवसांत. कोणाचा लाकडी बैल वीतभर, कोणाचा पोराच्या कमरेएवढा. प्रत्येकाला कार्डशीटवर छापलेली झूल पाहिजे: किनारीला दिव्यांची ओळ, मधे कमळ, कोपऱ्यात पोट्ट्याचं नाव. बोजारा, म्हणजे घरोघरी खाऊ-पैसे, मागायला निघालेल्या पोराचा बैल उघड्या पाठीनं कसा जाईल? यंदा गावातली दोन-तीन पोरं हेच काम धरायचं म्हणतात. शिकायचं काय, यावर त्यांचं अडलंय.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं आधी सांगून मोकळा होतो. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे नोकरी धरायची असेल तर तेच शिका. तिथं फाइल सीडीआरमध्येच, म्हणजे कोरलड्रॉच्या स्वतःच्या प्रकारात, मागतात आणि सगळी जुनी डिझाइनं त्यातच पडलेली असतात. त्यात मॅक्रोही, म्हणजे तेच ते काम आपोआप करणाऱ्या सूचना, लिहिता येतात. पण ते विकतचं आहे. वर्षातून दोनदा, पोळ्याला आणि दिवाळीला, काम करणाऱ्याला तो खर्च झेपत नाही. खरी निवड उरते ती दोघांत: इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसनं काढायचं, की पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, लिहून एसव्हीजी फाइल (रेषा आकड्यांत लिहिलेलं चित्र) तयार करायची. दोन्ही फुकट.

कमळासाठी मी डोळे मिटून इंकस्केप सांगेन. पाकळीची कड किती फुगवायची आणि टोक किती निमुळतं करायचं, हे डोळ्यानं ठरतं, आकड्यानं नाही. एक पाकळी काढा, तिला ‘रोटेट कॉपीज’ हा पाथ इफेक्ट (आकाराच्या गोल फिरवलेल्या प्रती काढणारी सोय) लावा, किती पाकळ्या तो आकडा टाका. मग मूळ पाकळी ओढाल तशा बाकीच्या तुमच्या डोळ्यांसमोर वळतात. हे सुख स्क्रिप्टमध्ये नाही. तिथं आकडा बदला, चालवा, फाइल उघडा, नाक मुरडा, परत आकडा बदला. एक खोच मात्र लक्षात ठेवा. कंट्रोल दाबून फिरवलं की इंकस्केप १५-१५ अंशांनी उडी मारतं. बारा किंवा चोवीस पाकळ्या त्यात बरोब्बर बसतात. सोळा पाकळ्यांना २२.५ अंश लागतात, ते हातानं जमत नाही. मग आकडाच टाकावा लागतो.

किनारीला आलं की पारडं फिरतं. माझा दिवा १२ मिलिमीटरचा, मधली फट ३ ची. २४० मिलिमीटरच्या झुलीला १६ दिवे. आता ४०० ची झूल पाहिजे म्हणून चित्र नुसतं ओढून मोठं केलं, तर दिवेही फुगून २० मिलिमीटरचे होतात आणि झूल ढोबळ दिसते. दिवा तेवढाच ठेवायचा तर दिवे नव्यानं मोजायला लागतात. ४०० भागिले १५ म्हणजे २६ आणि वर थोडं. ते उरलेलं सगळ्या फटींत सारखं वाटलं की प्रत्येक फट साधारण ३.४ ची होते. इंकस्केपच्या टाइल्ड क्लोन्समध्ये, म्हणजे एका आकाराच्या ओळीनं प्रती मांडायच्या सोयीत, हे होतं, पण दर बैलामागं हिशोब तुमचाच. स्क्रिप्टमध्ये हा भागाकार एकदाच लिहिला. आता लांबी टाकतो, फाइल निघते. एका झुलीसाठी मी स्क्रिप्ट कधीच लिहिणार नाही. तीस झुली असतील तर हातानं करणार नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीचंही तेच. १५ ते ८ ची मांडणी, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि वर-खाली एकेक कमी होत ८ पर्यंत, एकूण १६९ ठिपके, दर ओळीला अर्ध्या घरानं सरकलेले. दिवाळीत छापील नमुना करताना ते माउसनं ठेवून पाहा एकदा!

स्क्रिप्टचे त्रासही आहेत. माझ्या पहिल्या किनारीत सगळ्या दिव्यांच्या ज्योती खाली तोंड करून आल्या. शाळेच्या आलेखात वाय वर वाढतो, एसव्हीजीत तो खाली वाढतो. शेजारचा पोट्टा म्हणाला, “काऊन बे भौ, तेल सांडलं का?” दुसरी चूक मापाची. फाइलची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा आणि व्ह्यूबॉक्सला (चित्राच्या आतली मापपट्टी ठरवणाऱ्या ओळीला) तेच आकडे द्या, म्हणजे एक एकक बरोबर एक मिलिमीटर होतं. नाहीतर माप पिक्सेलमध्ये धरलं जातं, इंचाला ९६, आणि झूल उंदराच्या मापाची निघते.

आता आपल्याकडची गोष्ट. लॅपटॉप नसेल तर? इंकस्केपला संगणक लागतोच. स्क्रिप्ट मात्र अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड या पायथन चालवणाऱ्या अॅपमध्ये चालते, फाइल क्रोममध्ये दिसते, आणि ती असते काही केबींची. लाईन गेली तरी फोन चालू असतो. व्हॉट्सअॅपवर मात्र ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून पाठवलात तर रेषा फुटतात.

मी स्वतः दोन्ही वापरतो. कमळ आणि दिवा इंकस्केपमध्ये काढतो, त्या आकाराची पाथची ओळ, म्हणजे फाइलमध्ये त्याची रेषा आकड्यांत लिहिलेली असते ती, उचलून स्क्रिप्टमध्ये ठेवतो, मोजणी स्क्रिप्टवर सोपवतो. संगणक असेल तर ‘सिंपल इंकस्केप स्क्रिप्टिंग’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायची सोय, बसवून पायथन थेट इंकस्केपच्या आतच चालवता येतं. पण पहिल्या वर्षी त्यात पडू नका. पाच-सहा झुली असतील तर नुसतं इंकस्केप शिका, आठवडाभरात हात बसतो.

नाव टाकल्यावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायला, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकारात रूपांतर करायला, विसरू नका. छापणाऱ्याच्या मशीनवर तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात. पीडीएफ द्या आणि छापताना ‘फिट टू पेज’ (कागदात बसवायला माप बदलणारी सोय) बंद आहे का ते समोर उभं राहून बघा. आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा: बैलाच्या पाठीवरून सुतळी टाकून दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत मोजा आणि ती सुतळीच घेऊन या. तोंडी सांगितलेलं माप मी आता घेत नाही.