मुयनाक की अराल्स्क? आटलेला अरल समुद्र बघायला निघालेल्यांसाठी

समरकंद-बुखाऱ्याची सहल ठरली, की मंडळींतला एखादा हमखास विचारतो, "तो आटलेला समुद्र कुठून बघायचा?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण अरल समुद्र आता एक राहिलेला नाही. उत्तरेचा तुकडा कझाकस्तानात आहे. दक्षिणेचं उरलंसुरलं पाणी बघायला उझबेकिस्तानातून जावं लागतं. मधे वाळवंट, आणि त्यातून जाणारी सरहद्द. एका सुट्टीत दोन्ही टोकं गाठणं बहुतेकांना जमत नाही, तेव्हा निवड करावीच लागते: दक्षिणेचं मुयनाक की उत्तरेचं अराल्स्क. दोन्ही जुनी बंदरं, दोन्हीकडे मासळीचे कारखाने होते, आणि दोन्हींना टाकून समुद्र निघून गेला. पुढे मात्र दोघांचं नशीब वेगळं झालं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६० साली अरलचं क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किमी होतं आणि जगातल्या सरोवरांत त्याचा क्रमांक चौथा होता. दक्षिणेकडून अमुदर्या आणि पूर्वेकडून सिरदर्या त्यात पाणी आणत. बाहेर जायला वाट नव्हती. जेवढं पाणी येई तेवढं उन्हाने उडून जाई. सोव्हिएत सरकारला मध्य आशियात कापूस हवा होता, म्हणून दोन्ही नद्या कालव्यांत वळवल्या गेल्या. एकट्या काराकुम कालव्याने अमुदर्याचा मोठा हिस्सा तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात नेला. कालवे कच्चे होते, बरंच पाणी वाळूतच मुरलं. समुद्र आटेल हे मॉस्कोतल्या योजनाकारांना ठाऊक होतं, यात आता वाद नाही. कापसाच्या हिशेबात त्यांना समुद्र गमावणं परवडत होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पाणी इतकं खाली गेलं की उत्तरेचा छोटा अरल आणि दक्षिणेचा मोठा अरल वेगळे झाले.

पाणी

उत्तरेत पाणी आहे. त्याचं श्रेय जातं कोकअरालच्या बांधाला. छोट्या आणि मोठ्या अरलमध्ये एक अरुंद सामुद्रधुनी होती. सिरदर्याचं पाणी तिच्यातून दक्षिणेच्या उथळ भागात जाऊन वाफ होऊन उडत असे. १९९०च्या दशकात स्थानिक लोकांनी तिथे वाळूचा बांध घातला. तो फुटायचा, पुन्हा घातला जायचा. १९९९च्या वादळात तो पार वाहून गेला. मग जागतिक बँकेच्या कर्जातून २००५ साली सुमारे १३ किमी लांबीचा पक्का बांध झाला. नदीच्या कामांसह एकूण प्रकल्प ८ ते ९ कोटी डॉलरचा, म्हणजे धरणांच्या हिशेबात किरकोळच. पाणी समुद्रसपाटीपासून ४२ मीटरच्या पातळीला यायला काही वर्षं लागतील असा अंदाज होता, पण ते साधारण सात-आठ महिन्यांतच आलं. खारेपणा उतरला आणि गोड्या पाण्याचे मासे नदीमुखातून परत समुद्रात शिरले.

दक्षिणेत याच्या उलट. मोठ्या अरलचे पुढे दोन भाग पडले, पश्चिमेचा अरुंद आणि खोल, पूर्वेचा पसरट आणि उथळ. २०१४च्या उन्हाळ्यात पूर्वेचा भाग संपूर्ण कोरडा पडलेला उपग्रहाच्या चित्रांत दिसला. पश्चिमेच्या पाण्यात आता लिटरला १०० ग्रॅमहून जास्त मीठ आहे. १९६०मध्ये ते १० ग्रॅमच्या आसपास होतं. महासागरात ३५ असतं. एवढ्या खारात मासा जगत नाही. आर्टेमिया नावाची इवलीशी कोळंबी जगते, आणि तिची अंडी कोळंबी-संवर्धनाचं खाद्य म्हणून गोळा करून विकली जातात. मोठ्या अरलचा आज उरलेला मत्स्यव्यवसाय तो एवढाच.

'उत्तरेत यश, दक्षिणेत अपयश' असं वाचलं की दोन सरकारांची तुलना करायचा मोह होतो. तो आवरावा. उत्तरेचा तुकडा मुळातच लहान, सुमारे ३,३०० चौरस किमीचा. त्याला एक नदी पुरते आणि एक बांध त्याला अडवू शकतो. दक्षिणेला असा अरुंद गळा कुठेच नाही, आणि अमुदर्याचं पाणी तिथवर पोहोचतच नाही. शिवाय उत्तर वाचली ती दक्षिणेकडे जाणारी वाट बंद करून. जास्तीचं पाणी दरवाज्यांतून खाली सोडतात, पण ते कोरड्या तळावर पसरून उडून जातं. आणि ३,३०० हा आकडा ६८,०००च्या शेजारी ठेवून बघा: जगभर ज्याचं कौतुक होतं ते यश मूळ समुद्राच्या पाच टक्क्यांचं आहे. अराल्स्कला जाणाऱ्याने हे डोक्यात ठेवूनच जावं.

मासे आणि माणसं

या बाबतीत अराल्स्कला तोड नाही. १९२१च्या दुष्काळात व्होल्गाकाठच्या उपाशी लोकांसाठी मासे पाठवा, असं पत्र लेनिनने अरलच्या कोळ्यांना लिहिलं होतं आणि त्यांनी रेल्वेच्या १४ वाघिणी भरून मासळी पाठवली. त्या प्रसंगाचं मोझेक आजही अराल्स्कच्या रेल्वे स्थानकात आहे. पुढे समुद्र इतका खारट झाला की अरलच्या विकण्याजोग्या मूळ जातींपैकी एकही तिथे टिकेना. अझोव्ह समुद्रातून आणून सोडलेला चपटा फ्लाउंडर, स्थानिक भाषेत कंबाला, तेवढा तगला. पण कोळ्यांना तो पकडायचा कसा आणि खायचा कसा हेच माहीत नव्हतं. १९९०च्या दशकात डेन्मार्कच्या मच्छीमारांनी येऊन जाळी दिली, पद्धत शिकवली. बांधानंतर झँडर, कार्प, ब्रीम परतले. आता पकड वर्षाला काही हजार टनांची असते आणि झँडरचे तुकडे गोठवून युरोपात जातात. किनाऱ्यालगतच्या गावांत उजाडताना बोटी येतात, तिथेच वजन होतं, तिथेच गाडीत भरणी होते. मालवण-हर्णैचा लिलाव पाहिलेल्याला गलका कमी वाटेल, बाकी काम तेच.

मुयनाकमध्ये यातलं काहीच नाही. समुद्र गेल्यावरही तिथला डबाबंद मासळीचा कारखाना काही वर्षं चालू ठेवला होता, बाल्टिक आणि पॅसिफिकहून गोठवलेले मासे रेल्वेने आणून! हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला मासा डब्यात भरायचा, कारण कामगारांना काम हवं. सोव्हिएत संघ मोडला आणि तेही थांबलं. काहीजण वायूक्षेत्रांवर कामाला लागले. उस्त्युर्त पठाराच्या परिसरात आणि खुद्द कोरड्या समुद्रतळावर आता नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत. बरेच जण कझाकस्तान-रशियात गेले.

धूळ, मीठ, दवाखाना

समुद्र आटण्याचे परिणाम पाण्याच्या काठावर थांबत नाहीत, आणि हे समजायला दक्षिणेलाच जावं लागतं. उघड्या पडलेल्या तळाला आता अरालकुम म्हणतात, पन्नास-साठ हजार चौरस किमीचं नवं वाळवंट. त्याच्या वरच्या थरात मीठ आहे, आणि कापसाच्या शेतांतून वाहून आलेली खतं नि कीटकनाशकंही. वारे प्रामुख्याने उत्तर आणि ईशान्येकडून वाहतात, म्हणजे ही धूळ जास्त करून काराकालपाकस्तानच्या, म्हणजे मुयनाक ज्यात येतं त्या उझबेकिस्तानातल्या स्वायत्त प्रांताच्या अंगावर येते. सिरदर्याकाठीही वादळं होतात, पण सगळ्यात मोठा मारा अमुदर्याच्या त्रिभुज प्रदेशावर.

तिथे रक्तक्षय, श्वसनाचे विकार आणि क्षयरोग यांचं प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिलं आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस नुकुस या काराकालपाकस्तानच्या राजधानीच्या परिसरात काम सुरू केलं. प्रत्येक आजाराचं खापर धुळीवर फोडता येत नाही. खारट पिण्याचं पाणी, गरिबी, कोलमडलेली आरोग्यव्यवस्था हे सगळं एकत्र आलं. हवामानही बदललं. मोठा पाणसाठा उन्हाळा मवाळ करतो आणि हिवाळ्याची धार बोथट करतो. तो गेल्यावर उन्हाळे अधिक तापले, हिवाळे अधिक कडक झाले, पिकाचा हंगाम आखडला.

शेतीचं तर विचारूच नका. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. शेजारच्या खोरझम प्रांतात आणि काराकालपाकस्तानात पाटाच्या पाण्याने भूजल वर आलं, त्याबरोबर मीठ वर आलं. आता दर वर्षी पेरणीआधी शेतात पाणी तुंबवून मीठ खाली धुवावं लागतं. त्यासाठी नदीचं आणखी पाणी लागतं, आणि ते पाणी परत क्षार घेऊन येतं. शिरोळ-वाळव्याकडचा शेतकरी, पाटबंधारे खात्यातला माणूस किंवा शेती शिकणारा विद्यार्थी जाणार असेल, तर माझ्या मते प्रश्नच नाही: त्याने दक्षिणेला जावं, आणि बोटींपेक्षा जास्त वेळ शेतांत घालवावा.

उपाय म्हणून दोन्ही देश कोरड्या तळावर सक्सौल लावत आहेत. हे वाळवंटातलं चिवट झुडूप, वाळू धरून ठेवतं. २०१८-१९च्या हिवाळ्यापासून उझबेकिस्तानने दहा लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर लागवड केल्याचं सरकार सांगतं. कझाकस्ताननेही २०२१ ते २०२५ साठी ११ लाख हेक्टरांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावलेलं सगळं जगत नाही, खाऱ्या तळावर तर फारच थोडं. मुयनाकहून उत्तरेला गाडीने जाताना या रांगा दिसतात. कुठे खांद्याएवढी झुडपं, कुठे नुसते चर.

फोटोतल्या बोटी

वाळूत रुतलेल्या गंजक्या बोटींचा जगप्रसिद्ध फोटो हवा असेल तर मुयनाक. जुन्या किनाऱ्याच्या कड्याखाली दहा-बारा बोटी ओळीत उभ्या आहेत. ओळीत म्हणजे मुद्दाम ओळीत. पाहुण्यांना एका जागी दिसाव्यात म्हणून मांडलेल्या. अराल्स्कजवळच्या झालानाशच्या बोटींपैकी बहुतेक लोक कापून भंगारात विकून बसले, त्यांच्यासाठी तेवढ्या लांब जाऊ नका.

पण फोटो काढून त्याच दिवशी नुकुसला परतणाऱ्यांनी समुद्र पाहिलेलाच नसतो. पाणी मुयनाकहून दीडशे किमीच्या आसपास दूर आहे. खरं बघायचं तर जीप करून उस्त्युर्त पठारावरून पश्चिम किनाऱ्याला जावं आणि एक रात्र यर्टमध्ये, म्हणजे तिथल्या गोल तंबूत, काढावी. वाटेत सुदोचये सरोवर लागतं, तिथे फ्लेमिंगो दिसू शकतात. पश्चिमेच्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो, मात्र काठचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो. व्होझ्रोझ्डेनिये बेटावर, जे पाणी हटल्याने मुख्य भूमीला जोडलं गेलं, सोव्हिएत लष्कर जैविक अस्त्रांच्या चाचण्या करत असे. तिथे पुरलेल्या अँथ्रॅक्सचा २००२ साली अमेरिका आणि उझबेकिस्तानने मिळून बंदोबस्त केला. तरीही 'साहसी सफर' म्हणून कुणी तिथे नेतो म्हणाला तर नाही म्हणा.

जायचं कसं

सोयीच्या बाबतीत दक्षिण पुढे आहे. ताश्कंदहून नुकुसला विमान आहे, रेल्वेही आहे. नुकुस ते मुयनाक सुमारे २०० किमी. नुकुसमध्ये इगोर साविट्स्कीने जमवलेल्या, सोव्हिएत काळात नकोशा ठरलेल्या चित्रांचं संग्रहालय आहे. अरल रद्द झाला तरी तेवढ्यासाठी नुकुसला जावं. भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा मिळतो. कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी नियम पुन्हा तपासा.

अराल्स्क रेल्वेमार्गावर आहे, पण अल्माटीहून प्रवास लांबलचक. राहायची सोय साधी, मार्गदर्शक मोजके. गावापासून पाणी आता वीसेक किमीवर आहे. बांधाला जाऊन यायचं तर अख्खा दिवस खडबडीत रस्त्यावर. शाकाहाऱ्यांचे दोन्हीकडे हाल, अराल्स्कला जरा जास्त. मासे खाणाऱ्यांनी मात्र तिथे झँडर सोडू नये. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. जुलैत पारा चाळिशीपार जातो आणि जानेवारीत उणे वीसच्याही खाली.

मग कुठे?

एकच जमणार असेल तर मी मुयनाक म्हणेन, पण जीपच्या मुक्कामासह. मुक्काम जमणार नसेल तर त्यापेक्षा अराल्स्क बरं, तिथे निदान पाणी आणि त्यावर जगणारी माणसं दिसतात. मच्छीमारी, पाणीवाटप किंवा धरणं हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी थेट अराल्स्कला जावं. आणि जायचं तर लांबणीवर टाकू नका. अफगाणिस्तान २०२२पासून अमुदर्यावर २८५ किमीचा कोश तेपा कालवा खणतो आहे. आपल्या वाट्याचं पाणी घ्यायचा हक्क त्यांनाही आहे, पण खाली येणारं पाणी त्याने कमीच होणार. उत्तरेतला बांध उंच करायच्या चर्चा वर्षानुवर्षं चालू आहेत.

दोन आठवडे हाताशी असतील तर दोन्ही करता येतं. नुकुस-मुयनाक करून ताश्कंदला परत या, रस्त्याने सरहद्द ओलांडून शिमकेंट गाठा आणि तिथून रेल्वेने अराल्स्क. क्रम मात्र हाच ठेवा. आधी उत्तर पाहिली तर बांधापाशी उभं राहून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, आणि मग दक्षिणेची जीप महाग वाटायला लागते.