धुम्रपान करणाऱ्यांसाठी श्वसनाचे व्यायाम आणि उपकरणे: कोणाला काय उपयोगी?

वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली, की घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानातून तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर घेऊन येते. तो वापरावा, ओठांचा चंबू करून श्वास सोडण्यास शिकावे की श्वसनस्नायूंना जोर लावायला लावणारे महागडे यंत्र मागवावे, हे ठरवण्याआधी एक गोष्ट मान्य करावी लागते: नष्ट झालेले वायुकोश यांपैकी कशानेही परत येत नाहीत. अमेरिका व कॅनडातील ‘लंग हेल्थ स्टडी’त ११ वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले, की पहिल्या सेकंदात जोराने सोडता येणारी हवा धुम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांत दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने, तर ते सोडलेल्यांत ३० मिलिलिटरने घटत होती. हा फरक कोणतेही उपकरण पाडू शकत नाही. त्यामुळे पुढची तुलना धाप, कफ आणि स्नायूंची ताकद यांच्यापुरतीच आहे.

धापेसाठी माझी पसंती चंबूलाच आहे. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि बशीतला गरम चहा फुंकावा तसा चार अंकांपर्यंत सावकाश सोडायचा. ओठांमुळे येणाऱ्या उलट दाबाने बारीक श्वासनलिका मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. शिवाय जिन्याच्या मधल्या पायरीवरही हे करता येते. पोटाने श्वास घेणे याच्याच जोडीने शिकवले जाते, परंतु फुप्फुसे फुगून श्वासपटल सपाट झालेल्या रुग्णाची दमछाक त्याने वाढू शकते. कपालभातीत तर हवा झटक्याने सोडायची असल्याने नलिका अरुंद झालेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर कोविडनंतर घरोघरी पोहोचला. त्यात फुंकायचे नसते, हवा ओढायची असते. गोळ्या साधारणपणे सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० घनसेंटिमीटर वेगाने वर चढतात. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा खालचा भाग मिटू नये म्हणून तो देतात. धुम्रपानाने होणारा अडथळा मुख्यतः श्वास सोडताना जाणवतो, त्यामुळे गोळ्या वर गेल्याचे समाधान मिळाले तरी धाप कमी होईलच असे नाही.

रोज घट्ट कफ पडत असेल, तर फुंकल्यावर नलिकांत कंपने निर्माण करणारे उपकरण अधिक कामाचे ठरते. पोलादी गोळीचे ‘फ्लटर’ विशिष्ट कोनात धरावे लागते (त्याचा आकार चिलमीसारखा असावा, हा एक योगायोगच), तर चुंबकावर चालणारे ‘अकापेला’ आडवे पडूनही वापरता येते.

श्वास आत घेताना रोध निर्माण करणारे स्नायू-प्रशिक्षक यंत्र स्नायू खरोखर बळकट करते; मात्र चालण्याचा व इतर व्यायामांचा नियमित कार्यक्रम सुरू असेल, तर त्याची धापेतली भर फारशी उरत नाही. नुकतेच फुप्फुस फाटून छातीत हवा साठली असेल किंवा फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील, तर ते वापरू नये. म्हणूनच यंत्राच्या आधी छातीविकारतज्ज्ञांकडील स्पायरोमेट्री चाचणीवर (जोराने फुंकून सोडलेली हवा मोजणारी ही चाचणी, गोळ्यांचा स्पायरोमीटर नव्हे) पैसे खर्च करावेत.