केबलवाल्याचा फायबर-ओटीटी पॅक, मॅगी स्मिथच्या हिशेबानं: इंटरनेट चांगलं, बाई अर्धीच

आधी कामाचं सांगून टाकते. परभणीत आमच्या भागात लोकल केबलवाल्यानं फायबरसोबत ओटीटीचा पॅक सुरू केलाय, एकाच बिलात इंटरनेट अन् डझनभर ॲप्स, महिन्याला हजाराच्या आत. स्पीड चांगला आहे. लाईट गेली की राउटर पण जातो, तेव्हा राउटरला लागतो तो छोटा यूपीएस स्वतःचा घेऊन ठेवा, उन्हाळ्यात तर लागतोच लागतो. तक्रार केली की पोरगं येतं, उशिरा येतं पण येतं, अन् वायर नीट खिळवून जातं. एवढ्यासाठी कुणी रिव्ह्यू लिहीत नाही. पण मी पॅक घेतला तो मुद्दाम ब्रिटिश नटी मॅगी स्मिथचं सगळं काम एकदा बसून बघायचं म्हणून, अन् तिथं या डझनभर ॲप्सची खरी गंमत कळली.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली, ८९ वर्षांची होती. तेव्हा सगळ्या ग्रुपवर हॅरी पॉटरमधल्या मॅकगोनागल बाईंचेच फोटो फिरत होते, पोरांनी स्टेटस ठेवले, ठीक आहे, ते प्रेमच आहे. आता पॅकमध्ये तिचं नाव सर्च करा. टोकदार टोपीतली म्हातारी येते, मग काठी टेकत येणारी डाउनटन ॲबी या मालिकेतली म्हातारी, मग मेरीगोल्ड हॉटेल या सिनेमातली व्हीलचेअरवरची म्हातारी जी कंबरेचा सांधा बदलायला जयपूरला येते अन् येताना इंडियन लोकांबद्दलचा सगळा तिटकारा पिशवीत भरून आणते. बास. या ॲप्सच्या हिशेबानं ही बाई जन्मलीच सत्तरीची.

अन् खरा हिशेब असा की पंचेचाळिशीच्या आत तिच्या घरात दोन ऑस्कर होते! पॅकमध्ये त्यातलं एकपण नाही, दोन्ही वेगळे पैसे भरून भाड्यानं घ्यावे लागले. माझी मुख्य तक्रार हीच. डझनभर ॲप्स म्हणून विकता अन् शेल्फवर माणसाचा फक्त शेवटचा भाग ठेवता.

पहिला ऑस्कर १९६९ च्या द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडीचा. एडिंबराची मुलींची शाळा, १९३० च्या आसपासचा काळ, अन् ही शिक्षिका इतिहासाच्या तासाला इतिहास सोडून लढाईत मेलेल्या आपल्या प्रियकराची गोष्ट सांगत बसते, वर मुसोलिनीचं कौतुक. शिकवणाऱ्या लोकांनी तर हा सिनेमा बघाच, कारण अशी एक बाई प्रत्येक शाळेत असते, पोरी तिच्यावर जीव टाकतात अन् हेडबाईंना ती डोळ्यासमोर नको असते. हेडबाईंच्या केबिनमध्ये दोघींची जुंपते तो सीन मी परत मागं घेऊन घेऊन बघितला. सुरुवातीला आवाज एकदम साजूक, मान ताठ, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा, अन् मग राजीनाम्याचा विषय निघाला की तोच आवाज चढत चढत असा जातो की ती आता रडते का मारते तेच कळत नाही. हाताचं मनगट बघा तिचं, तोंडाच्या आधी मनगट बोलतं. त्यातले ड्रॉइंगचे सर म्हणजे रॉबर्ट स्टीफन्स, तेव्हाचा तिचा खरा नवरा. अन् त्यांचा पोरगा टोबी स्टीफन्स आपल्याला माहितीये बरं का, २००५ च्या मंगल पांडेमध्ये आमिर खानचा तो गोरा दोस्त, कॅप्टन गॉर्डन, तोच. आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा कुठं ते मोबाईल ठेवून टीव्हीपुढं बसले.

दुसरा ऑस्कर १९७८ च्या कॅलिफोर्निया स्वीटचा, ती तर भारीच गोष्ट. त्यात ती अशी ब्रिटिश नटी झालीये जी ऑस्करसाठी लंडनहून लॉस एंजेलिसला येते, हरते, अन् हॉटेलात परत येऊन दारूच्या नशेत नवऱ्याशी भांडते (नवरा मायकल केन). हरलेल्या बाईचं काम केलं अन् त्याचाच ऑस्कर जिंकली.

म्हातारीचा विषय निघालाच आहे तर हे पण ऐका. म्हाताऱ्या करायला तिनं म्हातारी व्हायची वाट बघितलीच नाही. १९७२ च्या ट्रॅव्हल्स विथ माय आंटमध्ये ती म्हातारी मावशी झाली तेव्हा सदतिशीची होती, अन् १९९१ च्या हुकमध्ये पीटर पॅनच्या गोष्टीतली वेंडीच, पण पार थकून आजी झालेली, तिनं केली तेव्हा छप्पन्न वर्षांची. म्हणजे ज्याला आपण तिचं वय समजतो ते बऱ्याचदा तिचं कामच होतं.

आता सेवेतली दुसरी खोड, डबिंग. एका ॲपमध्ये काहीपण लावलं की आपोआप हिंदी आवाज सुरू होतो, दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन बदला, बंद करून परत लावलं की परत हिंदी. हिंदीशी आपलं वैर नाही, पण या बाईची सगळी गंमत वाक्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात असते, ती थांबते, समोरच्याकडं बघते, मग टाकते. डबिंगवाली बाई थांबतच नाही, तोंड हललं की बोलायचं. सबटायटल पण कधीकधी जोक आधीच सांगून मोकळे होतात, मग आपण हसून झाल्यावर ती बोलते. हे सुधारायला काही रॉकेट लागत नाही.

सासूबाईंसोबत गॉसफर्ड पार्क बघितला, २००१ चा, रॉबर्ट ऑल्टमनचा. त्यात ती खवचट काउंटेस, सकाळी पलंगावरच नाश्ता येतो अन् ट्रेमध्ये मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा मुरंबा, विकतचं निघतं. फार काही बोलत नाही, नुसतं त्या घराची कीव केल्यासारखं तोंड. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, मी सांगितलं की आत्याबाई, तिला घरचं नाही, दुकानातलं वाढलंय. त्या म्हणल्या, "मग बराबर हाय की तिचं. पाहुण्याला इकतचं लोणचं वाढतेत का?" अन् माझ्याकडं बघितलं. मी गप रिमोट उचलला. तो सिनेमा लिहिणाऱ्या ज्युलियन फेलोजनंच पुढं डाउनटन लिहिलं, तेव्हा ती म्हातारी कुठून आली ते इथं कळतं. डाउनटन मला स्वतःला अर्ध्यातून कंटाळवाणं झालं, ती फ्रेममध्ये आली की बघायचं नाहीतर भाजी निवडायची. तिला मात्र त्यासाठी तीन एमी, म्हणजे टीव्हीचे ऑस्कर म्हणा, मिळाल्या, त्या तिनं कमावल्यात.

हॅरी पॉटरला नावं ठेवणार नाही. आठपैकी सात भागांत आहे ती, अन् सहाव्याच्या वेळी कॅन्सरचे उपचार चालू, डोक्यावर केस नाहीत, त्यावरच विग चढवून शूटिंग करत होती. हे माहिती असताना तो भाग परत लावून बघा.

पॅकवाल्याला ज्याबद्दल बोलता येणार नाही ते म्हणजे नाटक. ही बाई मुळात रंगमंचाची. इलफर्डला १९३४ चा जन्म, वाढली ऑक्सफर्डला, तिथंच १९५२ ला शेक्सपिअरच्या ट्वेल्फ्थ नाइटमध्ये व्हायोला केली. १९६३ ला लॉरेन्स ऑलिव्हिए या मोठ्या नटानं लंडनला नॅशनल थिएटर उभं केलं तेव्हा ती त्याच्या मंडळीत, ऑथेल्लोत त्याच्यासमोर डेस्डिमोना. १९७० ला इब्सेनच्या नाटकातली हेडा गाबलर केली ती स्वीडनचा सिनेदिग्दर्शक इंगमार बर्गमननं बसवलेली. आता हे सगळं ज्यांनी बघितलं त्यांनीच बघितलं, आपल्याकडं जुन्या नाटकांबद्दल म्हातारी माणसं सांगतात अन् आपण नुसतं ऐकतो, तसलंच.

सगळ्यात जास्त हळहळ लेटिस अँड लव्हेज या नाटकाची वाटली. पीटर शॅफरनं तिच्यासाठीच लिहिलेलं, १९८७ ला लंडनमध्ये, मग न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, तिथं १९९० ला टोनी, म्हणजे नाटकाचं मोठं बक्षीस, मिळालं. ती त्यात एका रटाळ ऐतिहासिक वाड्याची गाइड असते, लोक जांभया देतात म्हणून मग रोज इतिहासात थोडा थोडा मसाला टाकत जाते. शाळेच्या सहलीला दौलताबादच्या अंधारीत ज्यांनी गाइडच्या तोंडून उकळत्या तेलाच्या गोष्टी ऐकल्यात, दर वर्षी कढई मोठी होत गेलेली, त्यांना हे नाटक वेगळं समजावून सांगायला नको. मराठीत करावं कुणीतरी, जागा पण तीच ठेवावी.

थोडी भरपाई हवी असेल तर ॲलन बेनेटनं बीबीसीसाठी लिहिलेलं बेड अमंग द लेंटिल्स शोधा, १९८८ चं. पॅकमध्ये नाही, वेगळं शोधावं लागलं, पण या सगळ्या खटाटोपात मला सापडलेलं सगळ्यात सोनं हेच. एकटी बाई, पाद्र्याची बायको, कॅमेऱ्याकडं बघून बोलते एवढंच. चर्चमधली वाइनपण सोडत नाही इतकी पिते, अन् तिचं सूत जुळतं ते मिस्टर रमेश नावाच्या इंडियन किराणा दुकानदाराशी. रमेश कुठंच दिसत नाही. तिच्या डोळ्यातूनच दुकान दिसतं. आवाज कुठं चढत नाही, रडणं नाही, नुसतं थकलेलं, तिरकस बोलणं, अन् आपण टीव्हीपासून उठू शकत नाही. असंच एकटीचं काम तिनं परत २०१९ ला लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये केलं, अ जर्मन लाइफ, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या ऑफिसात काम केलेली सेक्रेटरी, ८४ व्या वर्षी दीड तासाच्या वर एकटी बोलते. जगात जर्मनी म्हणणाऱ्या परभणीकरांना तरी ते दाखवायला पाहिजे होतं, असो.

तर रेटिंग. इंटरनेट पाचपैकी चार. कस्टमर केअर तीन, पोरगं येतं म्हणून. ॲप्सचा भाग पाचपैकी दोन, नवीन वेबसिरीजवाल्यांनी अजून एक वाढवून घ्यावा. तुम्हाला एखादा नट किंवा नटी धरून मागं मागं जायची सवय असेल तर ॲप्सवाला मोठा पॅक घेऊ नका, नुसतं फायबर घ्या अन् वाचलेल्या पैशात महिन्याला एखादा जुना सिनेमा भाड्यानं घ्या, तेवढ्यात बसतं. भाड्यानं घेताना ऑडिओ ओरिजिनल आहे का ते आधी बघा, ४८ तासांची मुदत प्ले दाबल्यापासून सुरू होते म्हणून लोडशेडिंगचं टाइमटेबल पण बघा. मी पुढच्या महिन्यापासून तसंच करणारे, केबलवाल्याला सांगून झालंय, तो म्हणला मॅडम ॲप्स काढले तर फक्त दीडशे कमी होतील. दीडशे तर दीडशे, त्यात एक मिस ब्रॉडी येते.